चेहऱ्यावरून घाम निथळतो? सुरुवात इथून करा

माझ्या लग्नाच्या व्हिडिओत एक जागा आहे, ती बायको अजूनही थांबवून थांबवून बघते. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चालू आहेत आणि माझ्या मुंडावळ्यांच्या मोत्यांवरून घामाचे थेंब एकामागून एक ओघळतायत. पलीकडे ती ठणठणीत कोरडी. मागे उभा असलेला मामा दर कडव्याला पुढे वाकून माझं कपाळ टिपतोय. तेवढ्यात कोणाचा तरी आवाज येतो, "नवरदेव घाबरलाय बघ." घाबरलो नव्हतो. निदान ते वाक्य कानावर पडेपर्यंत तरी नव्हतो.

काखेतला घाम शर्टात लपतो, तळहाताचा खिशात. चेहऱ्याचा घाम कुठे लपवणार? बघणारा लगेच अर्थ लावून मोकळा होतो: घाबरलाय, खोटं बोलतोय, तब्येत ठीक नाही. मी या घामाबरोबर वीसेक वर्षं काढली. त्यातली बरीचशी उलट्या क्रमाने गेली, म्हणजे आधी क्रीम, मग पावडरी, मग कोणी कोणी सांगितलेले काढे, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. नव्याने या भानगडीत पडलेल्यांनी तो क्रम सुलटा करावा, एवढ्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं पुढे येतील, ती दुकानात जाऊन परस्पर मागण्यासाठी नाहीत.

आधी घाम समजून घ्या

अंगावर साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. कपाळ, तळहात, तळपाय आणि काखा इथे त्यांची दाटी जास्त. त्यांना हुकूम मेंदूकडून येतो. तळहाताला घाम सुटतो तो मुख्यतः मनावरच्या ताणाने. कपाळाचं तसं नाही, ते उकाड्यालाही फुटतं आणि ताणालाही. म्हणून मे महिन्यातल्या मुलाखतीत आपल्यावर दोन्हीकडून मारा होतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. घामाने अंग गार होतं ते घाम उडून जातो तेव्हा. नुसता ओघळून कॉलरवर पडलेला घाम काही कामाचा नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम येतो आणि उडून जातो, पुष्कळदा कळतही नाही. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत हवाच ओली, त्यामुळे तो उडत नाही, निथळत राहतो. पुण्यातून मुंबईला बदली झाल्यावर "माझं काहीतरी बिघडलं" असं वाटणारे बरेच जण असतात. त्यातल्या कित्येकांचं काहीच बिघडलेलं नसतं.

मग जास्त कधी म्हणायचं? डॉक्टर ज्या खुणा बघतात त्या अशा. सहा महिन्यांहून जास्त काळ, उघड कारण नसताना घाम येतोय का? दोन्ही बाजूंना सारखा येतो का? आठवड्यातून निदान एकदा तरी झटका येतो का? रोजच्या कामात आडवा येतो का? पंचविशीच्या आत सुरू झाला का? घरात अजून कोणाला आहे का? आणि झोपेत थांबतो का? पहिल्या प्रश्नाला हो आणि बाकीच्यांतल्या दोन-तीनांना हो असेल, तर बहुधा तो मूळचाच अतिघाम, म्हणजे ग्रंथी ठीक पण त्यांना मिळणारे हुकूम जरा जास्तच उत्साही. यातला झोपेचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रात्री उशी कोरडी राहते का, हे आधी बघा.

थांबायचंच नाही अशा वेळा

पुढे घामाची वही, औषधांच्या पायऱ्या येतील, पण इथे ते सगळं बाजूला ठेवा. अचानक गार घाम सुटला आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दम लागणं, गरगरणं यातलं काही असेल, तर १०८ ला फोन करा. "ॲसिडिटी असेल" म्हणत सोडा पिण्यात वेळ घालवू नका.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल आणि दरदरून घाम, थरथर, कडाडून भूक असं एकदम झालं, तर साखर उतरलेली असू शकते. मशीन हाताशी असेल तर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोयच नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

रात्री कपडे भिजतायत, वजन उतरतंय, बारीक ताप राहतोय, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. घाम चेहऱ्याच्या एकाच बाजूला येत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवायचं. मूळचा अतिघाम असा भेदभाव सहसा करत नाही, नसेचं काही असू शकतं.

दोन आठवडे वही ठेवा

ही पायरी लोकांना सगळ्यात कंटाळवाणी वाटते. मला मात्र हिचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. मोबाइलमध्ये लिहा नाहीतर किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर. घाम आला की वेळ, जागा, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय खाल्लं-प्यायलं, काय चाललं होतं आणि किती आला, एवढंच. "किती"साठी चार पायऱ्या पुरतात: एक म्हणजे जाणवलाही नाही, दोन म्हणजे जाणवला पण चालून गेलं, तीन म्हणजे काम अडलं, चार म्हणजे तिथून उठून जावं लागलं. त्वचेचे डॉक्टरही साधारण अशीच चार पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात, त्यामुळे तुमचं तीन-चार त्यांना लगेच कळतं.

माझ्या वहीतल्या या काही ओळी:

सोमवार, ९:४०. ऑफिस. पूल चढून आलो, लिफ्ट बंद, तीन जिने. आल्या आल्या केबिनमध्ये बोलावलं. चार.

मंगळवार, ११. दुसरा चहा. तीन. एसी चालू होता!

बुधवार, ११. चहा नाही. एक.

शुक्रवार, १:३०. मिसळ. टाळूपासून हनुवटीपर्यंत. पण समोरच्यालाही आला.

शनिवार, दिवसभर घरी, उकाडा तोच. दोन.

दोन आठवड्यांनी पानं उलटली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. घाम चालताना नव्हे, थांबल्यावर सगळ्यात जास्त यायचा. हे अगदी साहजिक आहे, अंग तापलेलं असतं आणि चालताना लागणारा वारा एकदम बंद होतो. दुसरी गोष्ट चहाची. कडक गरम चहाचा दुसरा कप माझं कपाळ दर वेळी फोडायचा. डॉक्टरांचं तोंडही न बघता या दोन नोंदींवर माझा बराच घाम आटोक्यात आला.

मिसळीचा घाम वेगळा. मिरचीतला तिखटपणा तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या नसांनाच चेतवतो, त्यांना वाटतं अंग तापलं, आणि घाम फुटतो. कोल्हापुरात कट मागून घेणाऱ्या प्रत्येकाला तो येतो, तो आजार नव्हे. पण साधा वरणभात खाताना, नुसतं चिंचेचं नाव काढलं तरी, गालावर किंवा कानापुढे घाम आणि लाली येत असेल तर डॉक्टरांना सांगा. कानापुढच्या लाळग्रंथीचं ऑपरेशन झालेल्यांना काही महिन्यांनी असं होऊ शकतं. लाळेकडे जाणाऱ्या कापलेल्या नसा पुन्हा वाढताना वाट चुकतात आणि घर्मग्रंथींना जाऊन मिळतात, मग तोंडाला पाणी सुटण्याऐवजी गालाला घाम सुटतो. जुन्या मधुमेहातही जेवताना तोंडाला, मानेला घाम येण्याचा प्रकार दिसतो.

डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

वही, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. नुसतं "बीपीची गोळी" असं नको, पाकिटांचे फोटो काढून न्या. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन, घाम वाढवतात. वेदनांसाठी दिलं जाणारं ट्रॅमाडॉलही. पण तेवढ्यावरून ती आपली आपण बंद करायची नाहीत. मानसिक औषधं एकदम तोडली की त्रास घामापेक्षा मोठा होतो. लिहून देणाऱ्याला विचारा, डोस किंवा औषध बदलता येतं.

आधी फॅमिली डॉक्टर, मग त्वचारोगतज्ज्ञ. पहिल्या भेटीत बहुधा थायरॉईड आणि साखर तपासतील, सोबत साधं रक्त. थायरॉईड जास्त काम करत असेल तर घामाबरोबर धडधड, वजन उतरणं, हात थरथरणं येतं. ते सापडलं तर इलाज थायरॉईडचा, घामाचा नाही. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना छातीपासून कपाळापर्यंत एकदम गरम लाट येऊन घाम सुटत असेल, तर ते पाळी जाण्याच्या काळातलं असू शकतं, आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळे उपाय असतात. "या वयात होतंच" म्हणून आई, मावशी, काकू वर्षानुवर्षं पदराने तोंड पुसत राहतात, त्यांना घेऊन जा.

एका दवाखान्यात मला "टेन्शन घेऊ नका" एवढं ऐकवून दोन मिनिटांत बाहेर काढलं होतं. तसं झालं तर दुसरीकडे जा. पण या वेळी सुरुवात वहीने करा: "आठवड्यात चार वेळा, काम अडतं, झोपेत नाही, दोन वर्षं झाली." अशा वाक्याला टेन्शनचं उत्तर देणं अवघड जातं.

औषधांची शिडी, खालून वर

सगळ्यात खालची पायरी म्हणजे लावायची औषधं. ॲल्युमिनियम क्लोराइड घामाच्या नळीचं तोंड तात्पुरतं बुजवतं. काखेसाठी मिळतं तेवढं कडक चेहऱ्याला झेपत नाही, म्हणून डॉक्टर कमी ताकदीचं देतात. ते लावायची पद्धत चुकली की चेहरा भाजल्यासारखा होतो, आणि नेमकी तीच चूक मी केली. सकाळी, तोंड धुतल्या धुतल्या, ओल्या कपाळावर चोपडलं. पाणी लागलं की त्यातून आम्ल तयार होतं, त्याची आग आग होते. बरोबर पद्धत अशी: रात्री झोपताना, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, वाटल्यास पंख्याखाली पाच मिनिटं बसून, पातळ थर द्यायचा. डोळे, नाकाचा कोपरा, ओठ सोडून. दाढी केलेल्या दिवशी त्या जागी नाही. सकाळी धुऊन टाकायचं. आधी दोन-तीन रात्री कानामागच्या जागेवर लावून बघा. फरक पडला की रोजची गरज राहत नाही.

"मग तुरटी का नाही?" असं विचारणारे भेटतात. तुरटीही ॲल्युमिनियमचाच क्षार, पण वेगळा, आणि दाढीनंतर एकदा फिरवणं निराळं, दिवसभर कपाळाला घासत बसणं निराळं. मी घासली आहे. घाम तसाच राहिला, वर कातडी ताणली गेली.

चेहऱ्यासाठी दुसरं लावायचं औषध ग्लायकोपायरोलेट. ते नसेचा निरोप ग्रंथीपर्यंत पोचू देत नाही. लावून झालं की हात साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते आणि दिवसभर धूसर दिसतं.

पुढची पायरी गोळ्या: ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन. या फक्त चेहऱ्यावर नाही, सगळ्या अंगावर काम करतात. तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, लघवी अडू शकते, नजर धूसर होते. काचबिंदू असलेल्यांनी, प्रोस्टेट वाढलेल्यांनी हे आधीच सांगायला हवं. आणि एक धोका आपल्याकडे फार खरा आहे. अंगाचा घामच बंद झाला तर शरीर गार कसं होणार? मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथे ही गोळी घेऊन दुपारी उन्हात काम करणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. डॉक्टरांना आपलं गाव आणि कामाचं स्वरूप दोन्ही सांगा.

भाषण, मुलाखत, साखरपुडा, अशा ठरलेल्या प्रसंगीच घाम फुटत असेल तर काही डॉक्टर प्रोप्रानोलॉल देतात. दमा असलेल्यांना ते चालत नाही. पहिली गोळी प्रसंगाच्या दिवशी नको, आधी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघायची.

त्याच्या वर बोटॉक्सची इंजेक्शनं. कपाळावर थोड्या थोड्या अंतरावर, कातडीत अगदी वरवर टोचतात. परिणाम काही दिवसांत दिसायला लागतो, साधारण चार ते सहा महिने टिकतो, मग पुन्हा. खर्च हजारांत, आणि तो दर खेपेला. कपाळाच्या आठ्या पडेनाशा होतात, आणि भुवईच्या फार जवळ टोचलं तर भुवई उतरते. म्हणून हे पार्लरमध्ये करायचं काम नाही, घामासाठी बोटॉक्स आधी दिलेला त्वचारोगतज्ज्ञच बघा. हातापायांच्या घामासाठी पाण्यातून वीज सोडणारं मशीन असतं, चेहऱ्यासाठी त्याचा तसा उपयोग नाही. जाहिरात बघून घेऊ नका.

सगळ्यात वरची पायरी ऑपरेशन, छातीत दुर्बीण घालून घामाची नस कापण्याचं. चेहरा कोरडा होतो, हे खरं. पण पुष्कळांना नंतर पाठ, पोट, मांड्या इथे भरपाईचा घाम सुरू होतो, काहींना तो मूळच्या घामापेक्षा जड जातो, आणि कापलेली नस परत जोडून तो थांबेल याची खात्री नसते. माझं मत विचाराल तर बाकी सगळं करून हरल्याशिवाय या दाराशी जाऊ नये. गेलातच तर भरपाईच्या घामाबद्दल सर्जन स्वतःहून किती बोलतो यावरून त्याची परीक्षा करा.

रोजचं

कागदी टिश्यू नको. दाढीच्या खुंटांत त्याचे पांढरे तुकडे अडकतात आणि अख्खी मीटिंग तुमच्या गालाकडे बघत बसते. टर्किश नॅपकिन घासला जातो. सगळ्यात चांगलं म्हणजे आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे वीतभर चौकोन. मी रोज चार नेतो, कोरडे एका खिशात, ओले दुसऱ्या. पुसायचं नाही, टिपायचं: कापड कपाळावर ठेवा, तीन मोजा, उचला. घासलं की कातडी लाल होते आणि घामोळंही वाढतं.

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा आणि त्यातली दहा मिनिटं आत जाऊ नका. जिन्याखाली, पंख्याखाली, पाण्याच्या कूलरपाशी उभे राहा. गार पाण्याची बाटली मानेमागे धरा, मनगटांवर पाणी घ्या, दोन घोट प्या. थांबल्यावरचा घाम तिथेच निघून जातो.

हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घाला, रोज धुतलेली. सनस्क्रीन वितळून डोळ्यांत जात असेल तर कपाळाला झिंक ऑक्साइडचं घ्या, चुरचुर कमी होते. टिकलीखाली घाम साचून खाज येत असेल, कातडी फिकी पडत असेल, तर ती टिकली लगेच बंद करा. गोंदातल्या रसायनाने काहींच्या कपाळावर कोडासारखा पांढरा डाग पडतो. पाणी मात्र कमी करू नका, घाम त्याने थांबत नाही, नुसतं डोकं दुखतं.

सांगून टाका

एका मुलाखतीत मला तिघांपैकी एकाने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी "नाही नाही, ठीक आहे" म्हटलं आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी माझ्या उत्तरांपेक्षा माझ्या हनुवटीवरचा थेंब जास्त बघितला. त्यानंतरच्या मुलाखतीत खुर्चीत बसता बसताच सांगितलं, "मला चेहऱ्याला घाम जास्त येतो, मधे मधे रुमाल काढेन." समोरच्या बाईंनी पंख्याचा रोख माझ्याकडे केला आणि पहिला प्रश्न विचारला. घाम आलाच. पण लोक काय समजतील या विचाराने जो वर आणखी फुटतो, तो आला नाही.

माझ्या भाच्यालाही हे आहे, यंदा दहावीला होता. त्याच्या आईने परीक्षेच्या आधी वर्गशिक्षिकेला भेटून सांगून ठेवलं, रुमाल जवळ ठेवायला आणि पंख्याखालचा बाक मिळायला. बाक मिळाला नाही, बैठक क्रमांक बदलत नाहीत म्हणे. पण पर्यवेक्षकाने पहिल्याच दिवशी रुमालाच्या घड्या उलगडून बघितल्या आणि मग परत हातात दिला. पेपरवर थेंब पडून शाई पसरू नये म्हणून त्याने जेल पेन सोडून बॉलपेन धरलं आणि मनगटाखाली टीपकागद ठेवायची परवानगी घेतली. गणिताच्या दिवशी घरी आल्यावर त्याने तो टीपकागद दाखवला. एका कोपऱ्यात त्यावर कच्चं काम उलटं उमटलं होतं.